पत्रातली एक ओळ

पत्र:

बाई, नमस्कार. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. मिस्टर मुंबईला सिक्युरिटीत आहेत, बारा तासांची ड्युटी. ठाण्याजवळ दिव्याला भावाच्या खोलीत राहतात. त्या खोलीत दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि हे असे पाच जण. मी काजू फॅक्टरीत सोलायला जाते. घरी सासूबाई आणि माझी दोन मुलं.

मुलगा आता तिसरीत जाईल. शाळा जिल्हा परिषदेची, पाचवीपर्यंत मिळून ११ मुलं आणि दोन शिक्षक. मे महिन्यात जाऊबाई आल्या होत्या. त्यांची मुलं इंग्लिश मीडियमला आहेत. माझा मुलगा मालवणीत बोलला की ती खो खो हसायची. एकदा जाऊबाईंनी त्याला मराठी पुस्तक वाचायला दिलं तर तो अडखळला. त्या म्हणाल्या, ह्याला आमच्याकडे पाठव, नाहीतर जन्मभर किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याची दोरीच ओढेल. मिस्टरांनाही ते पटलंय. वर्षाला फी, रिक्षा, गणवेश धरून ३५,००० रुपये लागतील, ते बचत गटातून उचलता येतील. मुलगा म्हणतो, "आये, माका थंय जावचा नाय." सासूबाई म्हणतात, पोर आवशीपासून तोडू नको. शाळा सुटली की तो रापणीवर असतो, नाहीतर सासूबाईंच्या मोबाईलवर. मोठी मुलगी पाचवीत जाईल, ती समंजस आहे, तिचं काही नाही.

मला रात्र रात्र झोप नाही. माझ्या मायेपायी मुलाचं नुकसान करतेय का मी?

– एक आई, वेंगुर्ले तालुका

उत्तर:

बाय, उत्तरात आधी 'तुम्ही' लिहिलं होतं, ते खोडलं. माझ्या मुलीच्या वयाची असशील, 'तू'च बरं. तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ३८ वर्षं वह्या तपासल्या, सवय जात नाही. एका ओळीखाली रेघ मारून ठेवली आहे, तिच्याकडे नंतर येते.

आधी उत्तर. यंदा त्याला दिव्याला पाठवू नकोस.

जाऊबाईंच्या मनात काही वाकडं आहे म्हणून नव्हे. पाच माणसांच्या खोलीत सहावं पान मांडायला तयार असलेली जाऊ सगळ्यांच्या नशिबात नसते, तिला दुखवू नकोस. पण जरा घड्याळ लावून बघ. नवऱ्याची ड्युटी बारा तासांची. लोकल आणि चालणं धरून जायचे-यायचे तीन तास तरी होतील. म्हणजे पंधरा तास माणूस घराबाहेर. उरलेल्या नऊ तासांत झोप, आंघोळ, जेवण. पोर बापाकडे चाललंय असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. रात्री झोपलेलं पोर बापाला दिसेल, पोराला बाप दिसायचा नाही. त्याला वाढवायचं ते जाऊबाईंनी, स्वतःची दोन सांभाळून. इथे तू आहेस, आजी आहे, बहीण आहे, दोन मास्तर आहेत, वाडीभर माणसं आहेत, आणि त्यांच्यातली निम्मी तरी दिवसातून एकदा त्याला नावाने हाक मारतात. मुलाचं संगोपन म्हटलं की लोक शाळेची इमारत बघतात. मी आधी माणसं मोजते, आणि मग त्या माणसांकडे वेळ किती आहे ते.

माझ्या मायेपायी नुकसान होतंय का, असं विचारतेस. अगं, तुझं घर दोन ठिकाणी विभागलंय ते काही तुझ्या मायेने नव्हे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या आणि आपल्या सिंधुदुर्गात १,०३६. राज्यात हे दोन जिल्हे सगळ्यांत वर. भाषणांत हा आकडा कोकणात लेकींची किती कदर म्हणून सांगतात. सहा वर्षांखालची पोरं तेवढी मोजली तर आपल्याकडेही मुलींपेक्षा मुलगेच जास्त होते. मग मोठ्या वयात पुरुष कुठे गेले? ते तुलाही माहीत आहे आणि मुंबईच्या गाडीलाही. २००१ ते २०११ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली आणि ह्या दोन जिल्ह्यांची घटली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती, ती ८,४९,६५१ झाली. एवढ्या मोठ्या गोष्टीचा दोष तू रात्री उशीवर डोकं ठेवून स्वतःच्या नावावर मांडतेस.

माझे वडील गिरणीत होते. परळला गावच्या मंडळाच्या खोलीत वीस-बावीस जण राहायचे. पाळी बदलली की वळकटी बदलायची. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे तेव्हा आम्ही भावंडं दाराआड उभी राहून बघायचो, ट्रंकेतून काय निघतंय ते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी ते ती ट्रंक घेऊन कायमचे आले. खरं सांगते, आम्हाला ते जड झाले. ते पडवीत बसले की आम्ही मागच्या दाराने बाहेर पडायचो. आईलाही कळेना, ह्या माणसाला दिवसभर ठेवायचं कुठे. एका सकाळी मी वह्या भरत होते तर म्हणाले, "तू सातवीत ना गो?" मी दहावीत होते. वाईट नव्हता गं माणूस. वीस वर्षं एकही मनीऑर्डर चुकवली नाही त्याने. आमची ओळख करून घ्यायला तेवढी रजा मिळाली नाही.

तुझ्या नवऱ्याच्या खिशात मोबाईल आहे, हा एवढा फरक पडलाय. पण त्या मोबाईलवर तुम्ही बोलता काय? पैसे जमा झाले का, आईचे गुडघे कसे आहेत, गॅस संपला का. आणि ठेवता ठेवता पोराच्या कानाला लावून "अभ्यास केलंस मा?" "हां." संपलं. त्यापेक्षा एक कर. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तिसरीचं आणि पाचवीचं मराठीचं पुस्तक नवऱ्याने आपल्या मोबाईलवर घ्यावं. सिक्युरिटीच्या खुर्चीत कधी ना कधी तास-दोन तास रिकामे जातातच. एक धडा वाचायचा, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरांशीच बोलायचं, एकेकाशी वेगळं, दहा-पंधरा मिनिटं. "त्या धड्यात तो माणूस शेवटी घरी का गेला नाही रे?" असं काहीतरी, ज्याला "हां" म्हणून सुटता येत नाही. पोरगं पहिले आठ दिवस तोंड उघडणार नाही. उघडेल मग. आणि गणपतीला आला की वर्षाची शिस्त सात दिवसांत लावायला जाऊ नये, हे त्याला माझ्या नावाने सांग.

आता भाषेचं. मी नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. पहिलीतला एक पोरगा उशिरा आला. का रे, विचारलं तर म्हणाला, "बापूस व्हडयेर गेलो, आये बाजाराक." मी नवीन, उत्साही. त्याला उभं करून तीनदा म्हणायला लावलं, 'माझे बाबा होडीवर गेले, आई बाजारात गेली.' वर्ग हसला. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते पोर वर्गात एक शब्द बोललं नाही. हजेरीला नुसता हात वर करायचं. शुद्ध मराठी शिकवायला गेले आणि होती ती भाषाही काढून घेतली. म्हणून तुझ्या पुतण्यांच्या हसण्यावर मी रागावत नाही, ती पोरं आहेत. मी तर पगार घेत होते. तुझा मुलगा घरी मालवणी बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी ऐकतो, टीव्हीवर हिंदी. तीन भाषांमधून तो रोज ये-जा करतो. हे कमीपणाचं नाही, आणि त्याच्यासमोर तू तसा चेहराही करू नकोस. इंग्रजीचं म्हणशील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मुलांच्या भाषेतून शिकवावं. (धोरण लिहिणाऱ्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात असतात ते मला विचारू नकोस.)

तो वाचताना अडखळला, हे मात्र मनावर घे. 'होईल हळूहळू' असं मी म्हणणार नाही. दुसरीचं जुनं पुस्तक काढ, मधलं कुठलंही पान उघड आणि वाचायला लाव. काना-मात्रा नीट लागतात आणि 'प्रश्न', 'विद्यार्थी' अशा शब्दांना गाडी अडते, असं असेल तर ते दोन-तीन महिन्यांचं काम आहे. अक्षरंच उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, तर आधी डोळे तपासून घे आणि मग सरांशी बोल. घरी अभ्यासाला बस म्हणून ओरडू नकोस. सासूबाईंना वाचता येत नाही असं मी धरून चालते, त्यांच्या वयाच्या आपल्याकडच्या कितीतरी बायांना येत नाही. त्याने रोज संध्याकाळी दिवा लागला की आजीला पेपर वाचून दाखवायचा. नक्षत्र कधी लागतंय, एसटी कुठे दरीत गेली, कोणाच्या आंब्याला काय भाव आला. आजी अक्षरावर टोकणार नाही, पण अर्थ लागला नाही की म्हणेल, "मेल्या, परत वाच बघया." वाचनाला याहून चांगली मास्तरीण मला सापडलेली नाही. मोबाईलचा प्रश्न त्यातच अर्धा मिटेल. उरलेला अर्धा मोबाईल चार्जिंगला तुझ्या खोलीत लावून.

शाळेचं सांगायचं तर ११ मुलांच्या शाळेचं मी कौतुक करत नाही. एका मास्तरापुढे दोन-तीन इयत्ता बसतात, आणि त्यातला एक मीटिंगला गेला की पाचही वर्ग एका खोलीत. पण शाळा व्यवस्थापन समिती म्हणून एक असते, कायद्याने तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका हव्यात. अकरा मुलांच्या शाळेत तू त्या समितीवर नसशील तर कोण असणार? नुसती सहीला जाऊ नकोस. बैठकीत विचार, माझा मुलगा जोडाक्षरांत अडतो, त्याला रोज पंधरा मिनिटं वेगळी द्याल का. साठ मुलांच्या वर्गात हे विचारता येत नाही, अकरांच्या शाळेत येतं.

आणि ती रापणीची दोरी. रापण ओढायला हात लावला की पोरालाही वाटा मिळतो, हे तुला ठाऊक आहे. ५७ बांगडे, सहा वाटे, प्रत्येकाला किती आणि उरले किती, हे तिथे त्याला विचार. बोटं न मोजता सांगेल. तेच फळ्यावर मांडलं की चुकेल. मग ते आपण जुळवून द्यायचं. घरी वहीत त्याच बांगड्यांचा भागाकार मांडून दाखव. (उरलेले तीन मांजराचे, हे उत्तर बरोबर धरायचं.) आता पावसाळ्यात रापण बंदच, तेवढे दोन महिने हे वहीवरच.

जाऊबाईंची भीती अगदीच खोटी आहे असं नाही. कोकण बोर्ड २०१२ मध्ये वेगळं झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं आहे, २०२५ ला ९८.८२ टक्के. पोरं आपल्याकडे शिकतात. पण शिकून झालं की कामाला गोव्याच्या नाहीतर मुंबईच्या गाडीत बसतात, कारण इथे काम नाही. तुझाही एक दिवस बसेल. आठव्या वर्षी बसवायचं की अठराव्या, एवढाच तुझ्या हातातला भाग. अठराव्या वर्षी तो जाईल तेव्हा परत कुठे यायचं ते त्याला माहीत असेल.

पैशाचं बघू. ३५,००० रुपये हे एका वर्षाचं नव्हे. तिसरी ते दहावी आठ वर्षं. फी एक रुपयानेही वाढली नाही असं धरलं तरी २,८०,०००. बचत गटाचं कर्ज फेडायचं ते तुझ्या काजूच्या मजुरीतून. साल सोलून काळवंडलेली बोटं मी पाहिली आहेत गं, माझ्या वर्गातल्या कितीतरी आया तिथेच जायच्या. घरात एवढा पैसा एका पोरावर लागला की दुसऱ्या पोराच्या वाट्याला काय उरतं, याचा हिशोब तुझ्या पत्रात नाही.

इथे ती रेघ मारलेली ओळ आली. 'मोठी मुलगी पाचवीत जाईल, ती समंजस आहे, तिचं काही नाही.' अख्ख्या पत्रात तिच्यासाठी एवढंच. रागावून नाही लिहीत. तुला झोप लागत नाही ती पोरांच्या काळजीनेच. पण पालक सभेत हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय, आणि दर वेळी मुलीबद्दलच. खोडकर मुलगा, हुशार मुलगा, आळशी मुलगा, आणि समंजस मुलगी. समंजस म्हणजे जी मागत नाही. तू फॅक्टरीतून संध्याकाळी येतेस तेव्हा भात कोणी शिजत टाकलेला असतो? आजीला चहा कोण देतं? दुपारची भांडी कोणाची? भाऊ रापणीवर असतो तेव्हा ती कुठे असते? जाऊबाईंनी मे महिन्यात तिलाही पुस्तक वाचायला दिलं होतं का? मला वाटतं तिने ते घडाघडा वाचलं असतं, म्हणून कोणी दिलं नाही.

भांडी आजपासून आळीपाळीने. सासूबाई म्हणतील, "झील भांडी घासतलो?" म्हणू देत. तिकडे मुंबईत त्यांचाच झील, म्हणजे तुझा नवरा, स्वतःचा डबा घासतो, हे हळूच आठवण करून दे.

आणि हे नीट वाच. सांगेलीला, आपल्या शेजारच्या सावंतवाडी तालुक्यात, जवाहर नवोदय विद्यालय आहे. केंद्र सरकारचं, सहावी ते बारावी, राहून शिकायचं. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. पुढच्या वर्गांत काही मुलांकडून थोडी फी घेतात, ती मुलींना माफ. सुरुवातीला मराठीतून आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, म्हणजे जाऊबाईंना हवं ते इंग्रजीही आलं. दर वर्षी जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या निदान ७५ टक्के गावातल्या शाळांत शिकलेल्या मुलांना आणि निदान एक तृतीयांश मुलींना. परीक्षा पाचवीत असताना द्यायची, मराठीतून देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे प्रश्न आकृत्या जुळवण्याचे, बाकी गणित आणि भाषा. जुन्या प्रश्नपत्रिका सरांकडे असतील, नसतील तर त्यांना शोधायला लाव.

गावाच्या जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली लागतात. तुझ्या मुलीची ती होतायत. तुझा मुलगा आता तिसरीत जातोय. दिवा ठाणे महापालिकेत येतं. म्हणजे यंदा त्याला तिकडे घातलंस तर दोन वर्षांनी हा दरवाजा त्याच्यासाठीही जवळजवळ बंद.

तू म्हणशील, मुलाला आठव्या वर्षी पाठवू नको म्हणता आणि मुलीला दहाव्या वर्षी वसतिगृहात? बरोबर आहे. म्हणून पाठव म्हणत नाही, परीक्षेला बसव म्हणते. जागा मिळाली तर तिला विचारायचं. ती नको म्हणाली तर नको, आणि तयारी केलेली फुकट जात नाही, पुढच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षांना उपयोगी पडते. तिथून नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात पाठवतात, तेही तिला आधीच सांगून ठेव. सांगेली आपल्याच जिल्ह्यात आहे, भेटीच्या दिवशी सकाळी एसटीने निघून संध्याकाळी परतता येईल. दिव्याहून तसं येता येत नाही.

अर्ज पावसाळ्यातच निघतात आणि ऑनलाइन भरायचे असतात. शाळा उघडल्या उघडल्या मुख्याध्यापकांना भेट, तारीख विचार. ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी बघू असं त्यात नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला लागतो, फोटो लागतो. पालकाची सही लागते आणि मुलीची स्वतःचीही. सही कशी करायची ते तिला शिकवायला बसू नकोस, वहीचं मागचं पान उघडून बघ, तिने आधीच करून ठेवली असेल.